अनुभव धागा: मुलांचं गोड खाणं, गोव्यातल्या घरांत

चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, संपतात न संपतात तोच दिवाळीचे फोव, मग जत्रांचं खाजं, नाताळात शेजारून येणारं कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट. त्यात रोजचं दूध-बिस्किट आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली असावी, 5 टक्क्यांखाली आणता आली तर आणखी चांगलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1350 कॅलरी लागतात. म्हणजे 34 ग्रॅम ही वरची मर्यादा, चहाचे सपाट आठ चमचे. तुमच्या घरी हे कसं जमतं? उपदेश नको, घरातलं लिहा.

फोंडा, दोन मुलांची आई
नेवऱ्यांवर बंदी घालायची असं मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "वर्षातून एकदा होतात त्या. रोज काय पितात ते बघ आधी." बघितलं. सकाळच्या दुधात दोन चमचे चॉकलेटी पावडर आणि वर साखर, डब्यात क्रीमचं बिस्किट, संध्याकाळी रसाचा खोका, पोळीबरोबर केचप. नेवरीचा यात कुठे पत्ताच नव्हता! पावडरीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत वाढ, बुद्धी, ताकद. मागे बारीक अक्षरांत घटकपदार्थ. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे साखर पहिल्या दोन-तीन नावांत असली की समजायचं. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही त्याच कुळातली नावं.

एकदम बंद केलं नाही. आधी वरची साखर गेली, मग पावडर दर आठवड्याला थोडी थोडी कमी. मोठीला कळलंच नाही. धाकटा मात्र पेला संपवून तळाशी बोट फिरवतो, तिथला गाळ चाटायला. एके दिवशी बोट कोरडंच वर आलं. "आई, पावडर घालायला विसरलीस." आता वेलची घालते. कुरकुर आहे, पण दूध पितो. गोडाशिवायचं नाचणीचं सत्त्व मात्र दोघांनीही साफ नाकारलं.

डिचोली, आजी
साखर वाईट, गूळ चांगला, हे आम्हीच सुनांना सांगत आलो. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या, "आजी, दातांना आणि वजनाला दोन्ही सारखेच." गुळात लोह वगैरे असेल, पण ते मिळवायला किती गूळ खायचा? पटलं. तरी तिझानात, म्हणजे नाचणीच्या गोड पेजेत, माडाचा गूळ मी घालते. बोटभर तुकडा, नारळाचा दाट रस आणि चिमूटभर मीठ. मिठाने गोडी उठते, गूळ कमी लागतो. नातू शाळेतून आला की उकडलेली कणगं, म्हणजे रताळी, देते, ती मुळातच गोड.

वास्को, बाबा
कोला घरात आणणं बंद केलं. 100 मिलीमध्ये साधारण 10-11 ग्रॅम साखर, मुलाकडूनच हिशोब करून घेतला. आता मलाही मिळत नाही. एवढंच.

मडगाव, दंतवैद्य
किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. दर वेळी तोंडातले जीवाणू साखरेचं आम्ल करतात, आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास सहज लागतो. जेवणानंतर दोदोल या मिठाईचा एक तुकडा परवडला. दुपारभर चघळत ठेवलेलं चॉकलेट नको. बाटली तोंडात ठेवून झोपवलेली बाळं तर फारच येतात. झोपेत लाळ कमी होते, पुढचे दात आधी जातात. खोकल्याच्या औषधातही साखर असते. ते दिल्यावर पाणी पाजा.

म्हापसा, आई
आमचा विषय थोडा वेगळा. मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच: "लहानपणी खूप गोड दिलं होतं का?" नाही हो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, गोड खाल्ल्याने हा होत नाही. आणि आमच्या दप्तरात साखर कायम असते. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की डॉक्टरांनी ठरवून दिलेलं ग्लुकोज लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शाळेच्या सहलीत एकदा कुणीतरी कौतुकाने सांगितलं, "तिच्या ग्लुकोजच्या गोळ्या आम्ही काढून ठेवल्या, खाऊ नये म्हणून." माझे हातपाय गळाले. गोड कमी करण्याच्या उत्साहात एवढं लक्षात ठेवा.

पेडणे, शिक्षिका
वर्गात वाढदिवसाची चॉकलेटं बंद केली. पालकांना सांगितलं, आणायचंच तर चणे, शेंगदाणे, केळी आणा. काहींनी तोंडं वाकडी केली. एक आजोबा कागदाच्या पुड्या बांधून चणे घेऊन आले, प्रत्येकीवर मुलाचं नाव लिहिलेलं. पुढच्या वाढदिवसाला मुलांनी पुड्याच मागितल्या. ज्याचा तो वाढदिवस होता त्या मुलाची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही, तिला पुड्या बांधाव्या लागल्या म्हणून.