पेरूच्या बेचक्यात तपकिरी पट्टा: वाळवी की आणखी काही?

मलप्रभाकाठ (खानापूर):
पेरूची झाडं १२ वर्षांची, दाट लागलेली. बेचक्यातून तपकिरी पट्टा सालीला चिकटून खाली आलाय. ओढला की चिंधीसारखा सोलून येतो, खाली साल कुरतडलेली. वाळवी समजून क्लोरपायरीफॉस मारलं, आठवड्यात पट्टा परत हजर. काय करावं?

तांबडी माती:
वाळवी नव्हे अण्णा. वाळवीचं घर मातीचं, चुरडलं की पीठ होतं. तुमच्या पट्ट्यात रेशमी धाग्यात भुसा आणि लेंड्या गुंफलेल्या दिसतील. ही साल खाणारी अळी, इंदरबेला नावाच्या पतंगाची. दिवसा बिळात, रात्री पट्ट्याच्या आडोशानं साल खाते. औषध पट्ट्यावरून ओघळतं, बिळात जात नाही. आंबा, फणस, चिकू, जांभूळ, काहीच सोडत नाही. फांदीभोवती सालीचा पूर्ण वेढा खाल्ला तर फांदी वाळतेच.

पट्टा ताठ ब्रशनं साफ करा, बेचक्यात पेन्सिलीएवढं भोक सापडेल. सायकलची तार टोकाला वाकवून वीतभर आत फिरवा. तारेला ओलं, चिकट लागलं तर अळी मेली. मग रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत दाबून चिखलानं लिंपा. रॉकेल भसाभसा ओतू नका, सालही जळते. कुणी नुवान सांगेल. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे.

मलप्रभाकाठ:
आमच्याकडं पावसात चिखल टिकेल का?

तांबडी माती:
धुऊन जातो. पतंग मे-जूनमध्ये सालीच्या भेगांत अंडी घालतो, पट्टे ठळक होईपर्यंत पाऊस सरत आलेला असतो. दसऱ्यानंतर काम धरा. दोन दिवसांनी पुन्हा बघा, ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे.

जुनी बाग:
जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगळं, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं नको. मिश्रणात विळा बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. पेस्ट बुरशीसाठी, अळी तिनं मरत नाही. आणि दाटी मोडा. वाळक्या फांद्या काढून बेचक्यांपर्यंत ऊन पोचू दे.

मलप्रभाकाठ:
एका बेचक्यात दोन भोकं आहेत.

तांबडी माती:
दोन्हींत तार घाला. सहसा एका बिळात एकच अळी असते.