‘ग्लेशियल’ ॲसेटिक ॲसिड म्हणजे नेमकं काय?

गोदाकाठ: नाशकात पारा उतरला की लॅबमधली ॲसेटिक ॲसिडची बाटली सकाळी गोठून दगड झालेली असते. लेबलवर ‘ग्लेशियल’ आहे. म्हणजे जास्त तीव्र का? आणि गोठलेलं ॲसिड बाद धरायचं का?

मोलर: तीव्रतेशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘ग्लेशीज’ म्हणजे बर्फ. शुद्ध ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशाला गोठतं, स्फटिक बर्फासारखे दिसतात, म्हणून हे नाव. जर्मन लोक तर सरळ ‘आइसएसिग’ म्हणतात, बर्फाचा सिरका. लेबलवर त्याचा अर्थ एवढाच की पाणी जवळपास नाही. संहत (पाणी कमी) आणि तीव्र (पाण्यात पूर्ण आयन होणारं) यांत गल्लत नको: आम्ल म्हणून ते सौम्यच, पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचं माप; जितकं जास्त तितकं सौम्य) ४.७६. तरी कातडीवर पडलं तर भाजतं.

निफाडची_थंडी: बाद कशाला? गोठणं ही उलट शुद्धतेची खूण. ०.१ टक्का पाणी शिरलं तरी गोठणबिंदू सुमारे ०.२ अंशाने घसरतो. मात्र १६ च्या खाली जाऊनही कधी द्रवच राहतं आणि बाटली हलवताच एकदम गोठतं, तेवढ्यावरून ॲसिडला नावं ठेवू नका.

वितळवायला २५-३० अंशांचं कोमट पाणी, झाकण ढिलं, बाटली फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). बर्नर, हॉटप्लेट अजिबात नको, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) ३९ अंशांच्या आसपास आहे. शिवाय हे पाण्याच्या उलट वागतं: वितळताना फुगतं. नुसतं बूड तापलं तर खाली द्रव, वर घट्ट बूच, आणि काच तडकते. पाणी आतल्या ॲसिडच्या पातळीपर्यंत हवं.

काचपात्र: अर्धवट वितळलेलं ओतून मोजू नका. पाणी असेल तर ते द्रवात जमा होतं, खडा जास्त शुद्ध राहतो, मग नॉर्मॅलिटी (द्रावणाची संहती) चुकते. पूर्ण वितळवा, झाकण घट्ट करून बाटली उलटसुलट करा, मग घ्या. हे साधारण १७.४ मोलर (लिटरमागे १७.४ मोल) असतं, म्हणजे ०.१ मोलरच्या एका लिटरला ५.७५ मिली. फ्लास्कमध्ये आधी पाणी, मग ॲसिड, शेवटी खुणेपर्यंत पाणी. नंतर फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून अंत दाखवणारा दर्शक) घालून कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) स्टँडर्डाइज करा, म्हणजे नेमकी संहती ठरवा.

गोदाकाठ: आमच्या ओळखीत अंबडच्या एका कारखान्यात ‘ग्लेशियल ॲक्रिलिक’ (ॲक्रिलिक ॲसिड) येतं. तेही असंच वितळवायचं?

मोलर: नावाचा अर्थ तोच, गोठणबिंदू १३-१४ अंश. पण तिथे जपून! गोठताना निरोधक (रेणू आपोआप जोडले जाणं रोखणारा पदार्थ) द्रवात उरतो, स्फटिकांत जवळजवळ नसतो. अर्धवट वितळलेल्यातला द्रव उपसला तर मागे उरलेलं निरोधकाविना राहतं आणि पॉलिमरायझेशन (रेणूंची साखळी जोडण्याची क्रिया) भडकू शकतं. पुरवठादाराच्या सेफ्टी डेटा शीटमधली तापमानमर्यादा पाळा आणि पूर्ण वितळून नीट मिसळेपर्यंत थेंबही काढू नका.