जळकं ऑईल कुणाला द्यायचं? सिंथेटिकचा ड्रम वेगळा ठेवायचा का? (नाशिक)

सातपूर_गॅरेज
नमस्कार मंडळी. सातपूरला माझं छोटं गॅरेज आहे, टू व्हीलर आणि फोर व्हीलर दोन्ही करतो. सर्व्हिसिंगचं जळकं ऑईल मागच्या बाजूला २०० लिटरच्या ड्रममध्ये साठवतो आणि ड्रम भरत आला की माणसं आपोआप येतात, कधी भंगारवाला, कधी सेंट्रिंगवाला (त्याला प्लेटांना लावायला पाहिजे असतं), आणि परवा तर एकजण भट्टीत जाळायला मागत होता, रोख देतो म्हणाला, बिल मागू नका म्हणाला. नेमकं तेच मला खटकतंय. आपलं हे पाणी शेवटी नंदिनीत आणि तिथून गोदावरीतच जातं, माझा ड्रम कुठे रिकामा होतो ते मला माहीत असायला पाहिजे. दुसरं म्हणजे आता निम्म्या गाड्यांना फुल सिंथेटिक पडतं. शेजारचे मेस्त्री म्हणतात की सिंथेटिकला घातक कचऱ्याचा कायदा लागूच नाही, ते वेगळं गणलं जातं. खरंय का? आणि लागू असेल तर ड्रम वेगळा ठेवायचा का?

अंबड_ईएचएस
दादा, मेस्त्रींचं चुकतंय. मी अंबडच्या कंपनीत ईएचएसचं, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षेचं काम बघतो. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यात वापरलेल्या तेलाची व्याख्या करतानाच सिंथेटिक मिसळलेली तेलं धरलीयेत आणि इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांची नावं आहेत. शेड्यूल १ मध्ये ५.१ नंबरला मिनरल किंवा सिंथेटिक, दोन्ही वंगणांचं वापरलेलं तेल येतं. म्हणजे डब्यावर काय छापलंय याने काही फरक पडत नाही, एकदा इंजिनमधून बाहेर आलं की ते घातकच.
आमच्याकडे ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, रजिस्टर ठेवावं लागतं, गाडीबरोबर मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे चाललाय त्याचा कागद) जातं आणि वर्षाचं रिटर्न ३० जूनच्या आत मंडळाला. तुम्ही देताना एवढं नक्की बघा की घेणाऱ्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चालू ऑथरायझेशन (परवानगीपत्र) आहे का. त्याची कॉपी मागा, तारीख बघा, पावती घ्या. कॉपी द्यायला जो का कू करतो त्याला ड्रम द्यायचा नाही, भाव कितीही चांगला असू दे.

रिफायनरीत_१५वर्षं
मी री-रिफायनिंग प्लांटमध्ये, म्हणजे जुन्या ऑईलपासून परत चांगलं तेल काढतात तिथे, काम केलंय म्हणून सिंथेटिकचं सांगतो. बाजारात फुल सिंथेटिक म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ग्रुप ३ बेस ऑईल (ॲडिटिव्ह घालायच्या आधीचं मूळ तेल) असतं, म्हणजे क्रूडच पण हायड्रोजन देऊन तोडलेलं (हायड्रोक्रॅक), आणि महागातलं पीएओ, म्हणजे कारखान्यात जोडून बनवलेलं. ही दोन्ही हायड्रोकार्बनच असल्यामुळे मिनरलबरोबर एकाच ड्रममध्ये चालतात, उलट त्यांनी माल सुधारतो. गाडीच्या इंजिन ऑईलसाठी दोन ड्रम करायची काही गरज नाही. वेगळं ठेवायचं ते ब्रेक ऑईल आणि कूलंट, कारण ते ग्लायकॉलचे असतात, आणि एसीच्या कॉम्प्रेसरचं पीएजी ऑईल, तेही ग्लायकॉलचंच. पार्ट धुतलेलं रॉकेल, थिनर, क्लोरीनवालं क्लिनर यातलं तर थेंबभरसुद्धा त्या ड्रममध्ये जाऊ देऊ नका, क्लोरीनमुळे पुढे प्लांटची पाइपं खातात आणि अख्खा टँकर परत जातो. अमेरिकेच्या नियमात तर हॅलोजन (क्लोरीन आणि त्याच्या जातीचे) १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत हजार भागांच्या, वर गेले की तेलात घातक सॉल्व्हंट मिसळलंय असंच आधी धरतात, नाही मिसळलं हे तुम्ही सिद्ध करायचं. आपल्याकडे रिसायकलिंगला जाणाऱ्या तेलात शिसं १०० पीपीएमच्या वर चालत नाही आणि पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं विषारी रसायन) २ पीपीएमच्या आत लागतं.
आणि ड्रमला झाकण लावा हो! आपल्याकडच्या पावसात उघड्या ड्रममध्ये पाणी शिरतं आणि ऑईल दुधाच्या चहासारखं होतं, मग प्लांटला आधी ते पाणी तापवून काढावं लागतं आणि तुमचा भाव तिथेच पडतो. पाणी आणि पेट्रोलचा अंश काढला की व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला ऊर्ध्वपातन, मग क्ले (खास माती) किंवा हायड्रोजनने सफाई, की परत बेस ऑईल तयार. हे तेल झिजत नाही, घाण होतं, एवढं लक्षात घ्या. म्हणून भट्टीत जाळलेलं बघितलं की जीव तुटतो, सगळे धातू धुरातून वर जातात आणि चांगला माल कायमचा संपतो. पूर्वी ॲसिड टाकून साफ करायचे, त्याचा जो काळा ॲसिड गाळ उरायचा तो कुठे टाकायचा हाच मोठा प्रश्न असायचा.

नंदिनीकाठ
सेंट्रिंगवाल्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्या गल्लीत बांधकाम चालू होतं तेव्हा प्लेटांना हेच काळं ऑईल झाडूने फासायचे आणि पहिल्या पावसाला ते सगळं गटारीत, पाण्यावर रंगीत तवंग पार कोपऱ्यापर्यंत. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर वापरलेलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, आणि एका कारच्या सर्व्हिसिंगला साधारण तेवढंच निघतं. सेंट्रिंगसाठी वेगळं शटरिंग ऑईल मिळतं, ते घ्यायला लावा ना कॉन्ट्रॅक्टरला. दादा, तुम्ही त्यांना देऊ नका प्लीज.

अंबड_ईएचएस
ताईंचं बरोबर आहे. पण एक मोकळेपणाने सांगतो, नियम मोठ्या कंपन्यांच्या मापाने केलेत. आमचा टँकर भरतो, यांचा एक ड्रम न्यायला अधिकृत गाडी येतच नाही आणि तेवढ्यात रोखवाला दारात उभा राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर ईपीआर (उत्पादकाची वाढीव जबाबदारी) लागू झाला, म्हणजे विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्क्याइतक्या रिसायकलिंगची जबाबदारी त्यांची, त्यासाठी नोंदणीकृत रिसायकलरकडून सर्टिफिकेट घ्यायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिसायकलरबरोबर कलेक्शन एजंटचीही नोंदणी होते. माझं स्पष्ट मत आहे की हा पैसा गल्लीतल्या ड्रमपर्यंत पोचला पाहिजे, एजंटने रोखवाल्याइतका भाव दिला तरच हे चालेल, नुसत्या नोटिसांनी नाही. तोवर तुम्ही सातपूरची आठ-दहा गॅरेजं मिळून एकाच दिवशी गाडी बोलवा, एवढा माल असेल तर एजंट येतो. रिकाम्या डब्यांना पण भोक पाडून मगच भंगारात द्या, त्याच डब्यांत गाळलेलं काळं ऑईल भरून नवीन म्हणून विकतात.

सातपूर_गॅरेज
खूप आभार सगळ्यांचे. ड्रम एकच ठेवतो, कूलंट आणि ब्रेक ऑईलला वेगळे कॅन आजच लावले. सेंट्रिंगवाल्याला नाही म्हणून सांगितलं, ताई. आमच्या लाईनीतली सहा गॅरेजं तयार आहेत, अजून सातपूर-अंबडमधलं कुणी असेल तर इथेच लिहा, गाडीचा दिवस ठरवू. आणि ईएचएस दादा, ऑथरायझेशनच्या कॉपीवर तारखेशिवाय अजून काय तपासायचं? आमच्यापैकी कुणीच तो कागद अजून बघितलेला नाही.

अंबड_ईएचएस
त्यावर ५.१ लिहिलंय का आणि वर्षाला किती टन घ्यायची परवानगी आहे ते बघा. पत्ता आणि गाडी ज्या नावाने येते ते नाव जुळलं पाहिजे. कॉपी मिळाली की इथे नंबर झाकून टाका, मी बघून सांगतो.