‘कडेलोट’ म्हणजे भरून वाहणं? काहीही!

शब्दवेडा: काल इथे एकाने ठासून लिहिलंय की कडेलोट म्हणजे भांडं कडेपर्यंत भरून पाण्याचा लोट बाहेर येणं, म्हणूनच ‘संयमाचा कडेलोट’, शिक्षेबिक्षेशी संबंध नाही. अहो, कडा आणि लोटणे! माणसाला कड्यावरून ढकलून मारायचे, त्या शिक्षेचं नाव आहे ते. त्यातला माणूसच पुसून टाकलात तुम्ही.

नर्मदाकाठ: तो ‘एक’ मीच. कड्यावर, कड्याखाली, मग कड्यालोट का नाही? कड धरा, कडेला, कडेने, बरोबर बसतं. आणि लोट म्हणजे पुराचे लोट, धुराचे लोट. आधी व्याकरण बघा, मग ओरडा.

शब्दवेडा: घोडा, घोड्यावर, पण घोडेस्वार. कडा, कड्यावर, पण कडेकपारी. समासात असंच होतं. आणि ‘कडेलोट केला’ म्हणतो ना आपण? केला म्हणजे कोणीतरी कोणाला तरी लोटलं.

डोंगरभटक्या: रायगडावर टकमक टोकाला उभे राहा एकदा, अर्थ आपोआप कळेल. मी गेलो तेव्हा वारा असा की रेलिंगवरचा हात सुटेना, टोपी उडाली ती खाली न जाता वर आली. आणि शेजारी गाइड सांगतोय, छत्र धरणारा सेवक वाऱ्याने उडाला तो थेट खाली निजामपुरात सुखरूप उतरला. पोरं टाळ्या वाजवतायत. जिथून माणसं ढकलली तिथे ही करमणूक, डोकंच फिरलं माझं.

माणगावकर: गोष्टीवर कसला राग काढता? आमच्या आजीने सांगितलेली आहे ती. गावाला आजही छत्री निजामपूर म्हणतात.

डोंगरभटक्या: गावाला नाव आहे म्हणून माणूस उडाला हे सिद्ध होत नाही.

माणगावकर: आणि खाली टकमक बघत राहायचं म्हणून टकमक, हे मागे तुम्हीच लिहिलेलंत, ते कशाने सिद्ध झालं? आमच्या आजीलाच तेवढा पुरावा मागायचा का!

डोंगरभटक्या: ठीक आहे, ते मी ऐकीव लिहिलं होतं. चुकलं.

शब्दवेडा: मूळ मुद्द्यावर या हो. तोफेच्या तोंडी देणे घ्या, १८५७ला इंग्रजांनी शिपायांना खरोखर तोफांना बांधून उडवलं, आज आपण नवख्याला ऑफिसात साहेबाच्या ‘तोंडी देतो’. सुळावरची पोळीही तशीच. वापर मवाळ होतो, उगम बदलत नाही.

नर्मदाकाठ: घोडेस्वाराला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण आज बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर भरलेलं भांडंच असतं, हे मी सोडणार नाही.

शब्दवेडा: असू दे की. फक्त ‘उगम’ म्हणून लिहू नका.

नर्मदाकाठ: ‘उगम’ खोडून ‘आजचा वापर’ केलंय. भांडं तिथेच राहील.