कॅलेंडर अपग्रेडनंतर मुक्तिदिन आणि वेळ अमावास्या आदल्या दिवशी दिसतायत

प्रेषक: सचिव, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
शनिवारी मंडळाच्या सामायिक कॅलेंडरची सिस्टीम अपग्रेड झाली. तेव्हापासून 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन माझ्या फोनवर 16 तारखेला रात्री 8 वाजता दिसतोय. वेळ अमावास्येचा सणही तसाच आदल्या संध्याकाळी, पण 7 वाजता. कॅलिफोर्नियाच्या ताईंना मुक्तिदिन 16 तारखेलाच संध्याकाळी 5 ला दिसतो. दोघातिघांनी हाताने तारखा पुढे सरकवल्या, तर लातूरच्या सरांकडे मुक्तिदिन 18 ला गेला! म्हणून ते बदल परत फिरवलेत. रविवारच्या मराठी वर्गाची वेळ तेवढी ठीक आहे. सर, तुम्ही बघाल का?

प्रेषक: वर्गाचे सर, लातूर

सचिवताई, कृपया आता कोणीच काही सरकवू नका.

मला मुक्तिदिन 17 लाच, पण पहाटे 5:30 ला दिसायलाय. तुमचे रात्रीचे 8, कॅलिफोर्नियाचे 5 आणि माझे पहाटेचे 5:30 हा एकच क्षण आहे: यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, 17 तारीख सुरू होते ती मध्यरात्र. हिवाळ्यात तुमचं घड्याळ तासभर मागे जातं, म्हणून वेळ अमावास्या 7 ला. कॅलेंडरच्या नोंदी ज्यात असतात ती आयसीएस फाईल उतरवून साध्या एडिटरमध्ये उघडली. दिवसभराच्या नोंदीत डीटीस्टार्टपुढे, म्हणजे सुरुवातीच्या ओळीत, नुसती तारीख असायला हवी. अपग्रेडने तिथे सहा शून्यं आणि शेवटी झेड, म्हणजे यूटीसी, चिकटवलंय. नुसती तारीख जगात कुठेही तीच राहते. वेळ लागली की प्रत्येक फोन ती आपापल्या घड्याळात बदलून दाखवतो.

वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडं गाव रिकामं होतं. शेतात कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. तुमच्याकडची मुलं याच दिवशी शेतात व्हिडिओ कॉल लावतात. आदल्या दिवशी लावला तर आजी घरात भाज्या निवडत बसलेली असणार, शेत दिसणारच नाही. तिथी सूर्योदयावर धरतात, त्यामुळे अमेरिकेच्या पंचांगात तारीख वेगळी येऊ शकते. माझं स्पष्ट मत, या सणाला इकडचीच तारीख ठेवावी आणि नोंदीच्या नावातच ‘लातूरची तारीख’ असं लिहावं.

वर्गाची वेळ ठीक दिसते, पण मला खरी काळजी तिचीच आहे. वर्ग न्यू जर्सीच्या सकाळी 10 ला, म्हणजे माझ्या संध्याकाळी 7:30 ला. फाईलमध्ये आता न्यूयॉर्कचा टाइमझोन उडालाय, नुसते यूटीसीचे 14:00 उरलेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ मागे जाईल आणि वर्ग तुम्हाला 9 ला दिसू लागेल, माझ्याकडे मात्र 7:30 च. लहान लेकरांना सुट्टीच्या दिवशी तासभर आधी उठवायचं का? टाइमझोन परत लावा. तेव्हापासून मला 8:30 ला बसावं लागेल, त्याची काही अडचण नाही.

प्रेषक: सभासद, कॅलिफोर्निया

सर, माझ्याकडे अपग्रेडच्या आधी उतरवलेली फाईल आहे. ती थेट आयात करू का?

प्रेषक: वर्गाचे सर, लातूर

फाईल आहे हे फार बरं झालं, ताई. पण आधी नव्या, रिकाम्या कॅलेंडरमध्ये आयात करा. प्रत्येक नोंदीला यूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो. अपग्रेडने तो बदलला असेल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी राहतील आणि प्रत्येक सण दोनदा दिसेल. नवरात्राचा शेवट नीट तपासा. दिवसभराच्या नोंदीत डीटीएंडला, म्हणजे शेवटाच्या ओळीत, शेवटच्या दिवसाच्या पुढची तारीख लिहितात, तो दिवस धरत नाहीत. ती चूक समजून कोणी एक दिवस कमी केला, तर घटस्थापनेपासूनचे दिवस मोजताना शेवटचा गळेल.

प्रेषक: सचिव, न्यू जर्सी

सर, ताई, मनापासून आभार. सॉफ्टवेअरवाल्यांना सरांचं निदान आणि फाईलमधल्या दोन ओळी पाठवल्या आहेत. रविवारी वर्ग संपला की ताईंची फाईल रिकाम्या कॅलेंडरमध्ये घालून तिघं मिळून तपासू. तोवर सामायिक कॅलेंडर फक्त वाचण्यापुरतं ठेवलं आहे.