जेवतानाचा मचमच आवाज सहनच होत नाही, काय करू?

मदत हवी आहे. मला सकाळची शांतता, उन्हात वाळलेल्या चादरीची ऊब असल्या साध्या गोष्टी मनापासून आवडतात आणि नवऱ्यासोबत बसून जेवणं तर सगळ्यात जास्त, पण तो घास चावताना जो मचमच आवाज होतो ना, त्याने डोक्यात तिडीकच जाते, छाती धडधडायला लागते, हातातला चमचा घट्ट आवळला जातो. त्याची काहीच चूक नाही हो, मलाच नंतर फार वाईट वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात असं वाचलं, नाव २००१ मधलं आहे म्हणे. पंखा किंवा हळू गाणी चालू असली की जरा सुसह्य होतं. तुमच्यापैकी कोणाला होतं का असं? घरच्यांना न दुखावता कसं सांगितलंत? आणि आधी कोणाकडे जाऊ, कानाच्या डॉक्टरकडे की समुपदेशकाकडे?