शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले, रेडिएशनची तारीख अजून मिळालेली नाही

प्रश्न (कोपरखैरणे)

माझे वय ५३ आहे. डाव्या स्तनातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया होऊन आज सात आठवडे पूर्ण झाले. स्तन वाचवता आला, काखेतील तपासलेल्या ग्रंथींमध्ये काही आढळले नाही आणि केमोची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राहिले होते ते फक्त रेडिएशन, आणि नेमके तेच अडले आहे. आधी जखमेच्या जागी पाणी साचले, ते दोनदा सुईने काढावे लागले आणि त्यात तीन आठवडे गेले. आता नियोजनाच्या सीटी स्कॅनसाठी बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली असून प्रत्यक्ष उपचार कधी सुरू होतील हे स्कॅननंतरच कळेल, असे सांगण्यात आले आहे.

रात्री जाग आली की एकच विचार येतो, या रिकाम्या दिवसांत आत काही वाढत तर नसेल ना? किती उशीर झाला म्हणजे तो खरोखर उशीर म्हणायचा? शिवाय माझा डावा हात अजून कानाच्या वर जात नाही. त्याने काही अडेल का?

उत्तर (ऐरोली)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथेच माझी चूक झाली होती. स्कॅनच्या वेळी आणि नंतर रोजच्या उपचारातही उतरत्या फळीवर निजून हात डोक्याच्या वर धरून निश्चल राहावे लागते. हात दुखेल या भीतीने मी तो अंगाशी धरून बसले होते, त्यामुळे स्कॅनच्या दिवशी तो वर गेलाच नाही आणि मला आठवडाभर व्यायाम करून पुन्हा यावे लागले. उशीर झाला तो माझ्या हाताने. भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवण्याचा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करा, मात्र त्याआधी फिजिओथेरपिस्टना एकदा हात दाखवून घ्या.

माझीही गाठ डाव्या स्तनात होती. हृदय किरणांपासून दूर राहावे म्हणून मला श्वास खोल घेऊन काही सेकंद रोखून धरायला सांगत असत. तुमच्या रुग्णालयात ही पद्धत असेल तर तिचा सरावही आतापासूनच करता येईल. माझी सुरुवात दहाव्या आठवड्यात झाली.

उत्तर (ठाणे)

मी रेडिएशन विभागात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा माझे उत्तर घेऊ शकत नाही, परंतु या थांबण्यामागे काय असते ते सांगू शकतो.

पाणी साचलेले असताना स्कॅन न करणे योग्यच होते. सगळा हिशेब स्कॅनमध्ये दिसणाऱ्या आकारावर बेतलेला असतो, आणि नंतर पाणी ओसरून तो आकार बदलला, तर किरण ठरवलेल्या जागी ठरवलेल्या मात्रेत पडतीलच याची खात्री राहत नाही. जखमही भरलेली असावी लागते. स्कॅनच्या वेळी त्वचेवर बारीक ठिपके गोंदतात, म्हणजे रोज त्याच स्थितीत निजवता येते. त्यानंतर डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक छेदचित्रावर स्तन, फुप्फुस आणि हृदय यांच्या सीमा आखतात, आम्ही किरणांच्या दिशा आणि मात्रा बसवतो, आणि रुग्णावर वापरण्याआधी तो आराखडा तपासला जातो. यात काही दिवस ते एखादा आठवडा जातो. बाहेरून हे दिवस रिकामे दिसतात, पण आत आपल्याच फाइलवर काम चालू असते.

उशिराबद्दल बोलायचे, तर केमो नसल्यास साधारणपणे चार ते आठ आठवड्यांत उपचार सुरू करतात आणि बारा आठवड्यांपलीकडे जाऊ नये असा प्रयत्न असतो. आपला स्कॅन नवव्या आठवड्यात होईल, म्हणून आज घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही गप्प बसू नका. ‘बाराव्या आठवड्याच्या आत पहिला दिवस मिळेल ना?’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. यंत्रे कमी आणि रुग्ण फार, अशा ठिकाणी शांत राहणारा रुग्ण मागे पडतो, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. आपली गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्यास त्याच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

पूर्वी ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा उपचाराच्या २५ दिवसांत, म्हणजे आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे देत असत. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ४० ग्रे १५ दिवसांत देऊन तुलना केली गेली, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार आजार परत येण्याचे प्रमाण वाढले नाही. त्यामुळे आता बहुतेकींचे काम तीन आठवड्यांत होते, आणि गरज असल्यास गाठीच्या जागेवर आणखी काही दिवसांची जादा मात्रा देतात.

उत्तर (कळवा)

आईला रेडिएशनसाठी ठाण्याहून रोज खारघरला नेत होतो. पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल थेट मिळते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते, त्यासाठी रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. वेळ ठरवताना दुपारची मागा, गर्दी टळते.

प्रश्नकर्ती (कोपरखैरणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. दहाव्या आठवड्याच्या शेवटी सुरुवात करू, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले. आता एकच विचारते. नातू दीड वर्षाचा आहे. उपचार चालू असताना त्याला जवळ घेता येईल का?

उत्तर (ठाणे)

अवश्य. हे किरण बाहेरच्या यंत्रातून येतात आणि यंत्र बंद होताच संपतात, शरीरात त्यांचा अंशही उरत नाही. घरी आल्यावर लगेच त्याला मांडीवर घ्या. फक्त डाव्या हाताने उचलू नका, कोणीतरी आणून बसवू द्या.